पिशाचांची मालकी कोणाची?

माजघरांतील समईच्या उजेडांत नातवंडांना भुताची गोष्ट सांगणाऱ्या आजीबाईला, ही गोष्ट कोणाच्या मालकीची आहे, असा प्रश्न कधींच पडला नाहीं. तिनें ती आपल्या आजीकडून ऐकली होती, आणि नातवंडें पुढें ती आपल्या नातवंडांना सांगतील, एवढाच तिचा हिशेब. परंतु गेल्या शंभर वर्षांत युरोप व अमेरिका या दोन्ही खंडांत याच प्रश्नावर एकामागून एक दावे लढले गेले. एका चित्रपटाच्या यच्चयावत् प्रती नष्ट करण्याचा हुकूम सुटला. आणि चित्रपट घरीं टिपून ठेवण्याचा एक खटला तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. या कलहाच्या अलीकडच्या टोंकाला 'अंडरवर्ल्ड' नांवाची चित्रपटमालिका उभी आहे. २००३ पासून २०१६ पर्यंत तिचे पांच चित्रपट निघाले. रक्त पिऊन जगणारीं पिशाचें आणि लांडग्याचें रूप घेणारे वृकमानव यांचें शतकानुशतकें चाललेलें युद्ध हा तिचा विषय. चित्रपटगृहांतून ते चित्रपट उतरले, तरी घरोघरच्या तबकड्यांवर त्यांचें आयुष्य पुढें चालूं राहिलें. पिशाच त्या तबकडीपर्यंत कसें येऊन पोंचलें, याचा इतिहास पाहूं लागलें म्हणजे भुतांच्या स्वभावापेक्षां माणसांच्या व्यवहाराचीच ओळख अधिक होते.

या इतिहासाचा आरंभ कादंबरींत नाहीं, सरकारी दप्तरांत आहे. १७१८ च्या पासारोविट्झच्या तहानें सर्बियाचा उत्तर भाग तुर्कांच्या हातून ऑस्ट्रियाच्या बादशहाकडे आला. नव्या मुलखांत नवे अंमलदार गेले, आणि तेथील खेडुतांचे समज त्यांच्या कागदांवर उतरूं लागले. १७२५ सालीं किसिलोवा गांवीं पीटर प्लोगोयोविट्झ नांवाचा एक शेतकरी वारला. त्याच्यामागून आठ दिवसांत नऊ माणसें दगावलीं. मरतांना त्यांनीं सांगितलें कीं, रात्रीं तो मेलेला पीटर येतो आणि उरावर बसून गळा आवळतो. गांवकऱ्यांनीं प्रेत उकरण्याची परवानगी मागितली. फ्रोम्बाल्ड नांवाचा अंमलदार वरिष्ठांच्या हुकुमाची वाट पाहा म्हणूं लागला; तेव्हां, हुकूम येईपर्यंत गांवांत कोणी उरणार नाहीं, आम्ही घरेंदारें टाकून निघून जातों, असें त्यांनीं बजाविलें. शेवटीं त्याच्यादेखत प्रेताच्या छातींत अणकुचीदार खुंट ठोकून तें जाळण्यांत आलें. फ्रोम्बाल्डनें इमानेंइतबारें अहवाल लिहिला, आणि यांत कांहीं चूक झालीच असेल तर ती आपली नव्हे, भीतीनें भान हरपलेल्या जमावाची, अशी पुस्तीहि शेवटीं जोडली. हाताखालच्या अंमलदाराची ही भाषा कोणत्याहि देशांत ओळखूं येण्याजोगी आहे. त्याच जुलै महिन्यांत तो अहवाल व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रांत छापून आला.

सहा-सात वर्षांनीं मेडवेजा गांवीं तसाच बोभाटा झाला. आर्नोल्ड पावले नांवाचा एक लढवय्या गवताच्या गाडीवरून पडून मेला होता, आणि पीडेचें मूळ त्याच्यापाशीं आहे, असें गांवकरी सांगत होते. या वेळीं सरकारनें लष्करी शस्त्रवैद्य पाठविले. त्यांचा मुख्य योहान फ्ल्युकिंगर. त्यांनीं प्रेतें उकरून एकेकाची तपासणी केली आणि १७३२ च्या जानेवारींत सह्यांनिशीं अहवाल दिला. पुरून बरेच दिवस झालेल्या कांहीं प्रेतांची कातडी ताजी होती, नखें नवीं दिसत होतीं आणि शरीरांत पातळ रक्त होतें, असें त्यांत म्हटलें होतें. वैद्यांनीं पाहिलें तें खोटें नव्हतें. त्याचा अर्थ मात्र त्यांना लागला नाहीं. डॉक्टरांच्या सह्या असलेला कागद पाहून सारा युरोप चकित झाला. जर्मन विद्यापीठांतून या विषयावर पुस्तिकांचा पाऊस पडला, आणि 'व्हँपायर' हा शब्द इंग्रजी व फ्रेंच वाचकांच्या तोंडीं बसला.

या प्रकरणावर पडदा टाकण्याचें श्रेय एका सम्राज्ञीला आणि तिच्या राजवैद्याला आहे. १७५५ सालीं मोराव्हियाकडील एका गांवीं पुन्हां प्रेतें उकरून जाळण्यांत आलीं, तेव्हां मारिया थेरेसा हिनें गेरार्ड फान स्वीटन याचा अभिप्राय घेतला. त्यानें स्पष्ट लिहिलें कीं, थंडी, मातीचा गुण, घट्ट पेटी आणि हवा न लागणें, अशा कारणांनीं प्रेत लवकर कुजत नाहीं; यांत पिशाचाचा कांहींएक संबंध नाहीं. सम्राज्ञीनें असे प्रकार परस्पर करण्यास मनाई केली. म्हणजे जें पिशाच पुढें जगभर गाजावयाचें होतें, तें मुळांत साथीच्या रोगाची भीति आणि शरीरशास्त्राचें अज्ञान यांचें अपत्य होतें, हें १७५५ सालींच सिद्ध झालें होतें.

वृकमानवाची कथा याहून जुनी आणि याहून कठोर आहे. पिशाचावरील आरोप मेलेल्यावर होता. खुंट ठोकला तरी त्याला वेदना नव्हत्या. वृकमानवाचा आरोप जिवंत माणसावर येई. १५८९ सालीं कोलोनजवळच्या बेडबुर्ग येथें पीटर स्टुम्प नांवाच्या शेतकऱ्याकडून, सैतानानें दिलेला पट्टा कमरेस बांधून आपण लांडगा होतों, असा कबुलीजबाब छळ करून घेण्यांत आला, आणि त्याला चाकावर बांधून हालहाल करून मारण्यांत आलें. १६०३ सालीं बोर्दोच्या न्यायासनापुढें झां ग्रेनिए नांवाच्या किशोरवयीन गुराखी मुलानें असाच कबुलीजबाब दिला. तेथील न्यायाधीशांनीं मात्र त्याचें वय आणि दुबळी बुद्धि ध्यानांत घेऊन त्याला मठांत ठेवण्याची शिक्षा दिली. चौदा वर्षांच्या अवधींत न्यायाची दृष्टि एवढी पालटली, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

खेड्यांतील भय शहराच्या दिवाणखान्यांत आलें तें साहित्याच्या मार्गानें. आणि येतांच मालकीचा घोटाळा सुरू झाला. १८१६ च्या पावसाळी उन्हाळ्यांत जिनीव्हा सरोवराकांठीं कवि बायरन व त्याचे स्नेही यांनीं भुताच्या गोष्टी रचण्याची पैज मारली. बायरननें अर्धवट टाकलेल्या एका गोष्टीवरून त्याचा तरुण वैद्य पॉलिडोरी यानें 'द व्हँपायर' ही कथा लिहिली. १८१९ सालीं लंडनच्या एका मासिकानें ती दोघांचीहि परवानगी न घेतां खुशाल बायरनच्या नांवावर छापली. बायरननें ती आपली नव्हे म्हणून सांगितलें, पॉलिडोरीनें ती आपली आहे म्हणून सांगितलें. पण बायरनच्या नांवावर खपणारी वस्तु दुसऱ्याच्या नांवावर करण्याची उतावीळ कोणास असणार? लेखकाच्या पदरीं फारसें कांहीं पडलें नाहीं.

याच शब्दाशीं आपल्या इकडच्या वाङ्मयाचाहि एकदां संबंध आला. मुंबई इलाख्याच्या लष्करांत नोकरी केलेल्या रिचर्ड बर्टन यानें १८७० सालीं वेताळपंचविशींतील कथा इंग्रजींत आणल्या, आणि वेताळासाठीं त्यानें 'व्हँपायर' हा शब्द योजिला. वस्तुतः आपला वेताळ कोणाचें रक्त पीत नाहीं. तो प्रेतांत शिरून विक्रमाच्या खांद्यावर बसतो आणि न्यायनीतीचीं कोडीं घालतो. त्याचा सारा व्यवहार बुद्धीचा. तेव्हां ही सोयरीक नांवापुरतीच राहिली.

खरी मालकी सुरू झाली १८९७ सालीं. लंडनच्या लायसियम नाटकगृहाचा व्यवस्थापक ब्रॅम स्टोकर याची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी त्या वर्षीं २६ मे रोजीं प्रसिद्ध झाली. परंतु त्याच्या आठ दिवस आधीं, १८ मे रोजीं, स्टोकरनें तिचा नाट्यप्रवेश रंगभूमीवर वाचून दाखविला होता. प्रेक्षकांना रिझविणें हा त्याचा हेतु नव्हता. नाटकाचे हक्क दुसऱ्या कोणी बळकावूं नयेत म्हणून ही कायदेशीर तजवीज होती. सर्बियांतल्या खेडुतांची गोष्ट येथें प्रथमच एका गृहस्थाची मिळकत झाली. कोणी म्हणेल, हा आयत्या बिळावर नागोबा. पण तसें म्हणणें अन्यायाचें होईल. ऐकीव भयाला त्यानें नांव दिलें, वाडा दिला, वंश दिला. कित्येक वर्षें टिपणें काढून कादंबरी रचली. श्रम त्याचे होते, तर फळहि त्याचें असावें, हें न्याय्यच होय.

१९१२ सालीं स्टोकर वारला. मागें बेताची मिळकत व ही कादंबरी राहिली, आणि त्यांवर त्याची पत्नी फ्लॉरेन्स हिचा निर्वाह चालूं लागला. दहा वर्षांनीं तिच्या कानावर बातमी आली कीं, जर्मनींत 'नोस्फेराटू' नांवाचा मूकपट निघाला आहे आणि तो 'ड्रॅक्युला'वरूनच बेतलेला आहे. बर्लिनमध्यें ४ मार्च १९२२ रोजीं त्याचा पहिला खेळ झाला होता. दिग्दर्शक मुर्नाव, पिशाचाच्या भूमिकेंत माक्स श्रेक. सरदाराचें नांव बदलून ओरलोक केलें होतें, गांव बदललें होतें; पण चित्रपटाच्या आरंभींच स्टोकरच्या कादंबरीचा उल्लेख होता, आणि परवानगी मात्र घेतलेली नव्हती. गमतीची गोष्ट अशी कीं, ज्या कंपनीनें तो काढला तिचें नांव 'प्राण' असें होतें. आपल्याकडील योगशास्त्रांतला हा शब्द तिच्या चालकांनीं हौसेनें घेतला होता. तो कांहीं कंपनीला लाभला नाहीं. या एका चित्रपटानंतर तिचें दिवाळें वाजलें.

फ्लॉरेन्सनें लेखकसंघाचें साहाय्य घेऊन दावा लावला. दिवाळखोराकडून पैसा मिळण्याची आशा नव्हती. तेव्हां तिनें चित्रपटच नाहींसा करण्याची मागणी केली. १९२५ च्या जुलैंत जर्मन न्यायालयानें मूळ निगेटिव्ह आणि साऱ्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. कायद्याच्या दृष्टीनें निकाल चोख होता. पण चित्रपट म्हणजे एका जागीं उभें असलेलें घर नव्हे कीं, बेलिफानें जाऊन पाडावें. त्याच्या प्रती हुकुमापूर्वींच परदेशीं गेल्या होत्या. १९२९ सालीं त्यांतली एक न्यूयॉर्कमध्यें पडद्यावर झळकली. मूळ निगेटिव्ह गेलें तें गेलेंच. पण देशोदेशीं राहिलेल्या प्रतींचे तुकडे जुळवून पुढें अनेकदां त्या चित्रपटाचा जीर्णोद्धार झाला. त्यांपैकीं २००६ सालचा फार काळजीपूर्वक केलेला आहे. आज जगांतील श्रेष्ठ मूकपटांत त्याची गणना होते. बाईंचा हक्क खरा होता आणि चित्रपटाची थोरवीहि खरी होती. दोन्ही पक्ष खरे असतां जो तिढा पडतो, तो हा.

'नोस्फेराटू'नें आणखी एक गोष्ट केली. स्टोकरचा ड्रॅक्युला दिवसाउजेडीं हिंडूं शकतो; फक्त त्याची शक्ति कमी होते. उन्हाच्या पहिल्या किरणानें पिशाच विरून जातें, ही कल्पना या मूकपटानें आणली. आज ती इतकी सर्वमान्य आहे कीं, अनादि काळापासून चालत आलेला लोकसमज म्हणून लोक ती सांगतात.

अमेरिकेंत युनिव्हर्सल कंपनीनें रीतसर हक्क विकत घेऊन १९३१ च्या फेब्रुवारींत 'ड्रॅक्युला' हा बोलपट काढला. त्यांत बेला लुगोसी हा मूळचा हंगेरियन नट होता. दिवसा इंग्रजी बोलपटाचें काम चाले, आणि रात्रीं त्याच देखाव्यांत दुसरे नट घेऊन स्पॅनिश भाषेंतला बोलपट तयार होई. ही स्पॅनिश आवृत्ति पुढें विस्मृतींत गेली. तिचा खराब झालेला भाग क्यूबांत सांपडलेल्या प्रतीवरून भरून काढण्यांत आला, आणि १९९२ सालीं चित्रफितीच्या रूपानें ती घरोघर पोंचली. लुगोसी १९५६ सालीं मरण पावला. त्याला ड्रॅक्युलाचा झगा अंगावर घालूनच पुरलें. पुढें युनिव्हर्सलनें त्याच्या चेहऱ्याचीं खेळणीं व मुखवटे विकण्याचे परवाने दिले, तेव्हां १९६६ सालीं त्याच्या पत्नीनें व मुलानें दावा लावला. १९७९ सालीं कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानें त्यांच्याविरुद्ध निकाल दिला: चेहऱ्याच्या उपयोगाचा हक्क माणसाबरोबरच संपतो, वारसांकडे जात नाहीं. म्हणजे कादंबरीचा हक्क विधवेकडे आला, चेहऱ्याचा मात्र आला नाहीं. पुढें १९८४ सालीं त्या संस्थानानें कायदा करून तो वारसांना दिला.

वृकमानवाला पडद्यावर कायमचें रूप आलें तें १९४१ सालच्या 'द वुल्फ मॅन' या युनिव्हर्सलच्याच बोलपटानें. त्याचा कथालेखक कुर्ट सिओडमाक हा जर्मनींतला ज्यू. नाझी सत्तेवर आल्यावर १९३३ सालीं त्यानें देश सोडला होता. चांगला माणूस रात्रींतून हिंस्र होतो, आणि कोणाच्या अंगावर चिन्ह उमटलें म्हणजे त्याचा बळी जावयाचा हें ठरतें, ही कथा लिहितांना त्याच्या मनांत काय काय दाटून आलें असेल, तें सांगावयास नको. चांदीनें वृकमानव मरतो, हें जगभर रूढ झालें तें मुख्यतः या बोलपटापासून. त्यानें रचलेल्या चार ओळी तर पुढें लोकगीत म्हणून समजल्या जाऊं लागल्या. लोककथेंतून घेतलेलें असें पुन्हां लोककथेंत मिसळून जातें.

पिशाच व वृकमानव यांना समोरासमोर आणलें मात्र प्रतिस्पर्धी कोलंबिया कंपनीनें. १९४३ सालच्या 'द रिटर्न ऑफ द व्हँपायर' यांत लुगोसीच पिशाच आहे आणि वृकमानव त्याचा दास आहे. ड्रॅक्युला हें नांव वापरण्याची सोय नव्हती, म्हणून पिशाचाचें नांव दुसरें ठेवलें, इतकेंच. धनी पिशाच आणि गुलाम वृकमानव, ही जोडी साठ वर्षांनीं पुन्हां उपयोगी पडावयाची होती.

स्टोकरच्या कादंबरींत एक नियम आहे: घरच्या कोणी तरी आंत बोलाविल्याशिवाय पिशाचाला प्रथम उंबरठा ओलांडतां येत नाहीं. अमेरिकेंतील घरांनीं तें आमंत्रण १९५७ सालीं दिलें. कोलंबियाच्या टेलिव्हिजन शाखेचें नांव 'स्क्रीन जेम्स'. तिनें युनिव्हर्सलचे बावन्न जुने बोलपट एका गठ्ठ्यानें टेलिव्हिजन केंद्रांना दिले. बारा-पंधरा वर्षें डब्यांत पडून राहिलेला ड्रॅक्युला आणि त्याचे सोबती रात्रीं उशिरां दिवाणखान्यांत अवतरूं लागले, आणि त्यांना एक नवी तरुण पिढी मिळाली. पण टेलिव्हिजनवरचा खेळ पाहावा लागे तो केंद्राच्या वेळेनें. चुकला तो चुकला.

ही अडचण १९७५ सालीं जपानच्या सोनी कंपनीनें दूर केली. तिचें 'बीटामॅक्स' यंत्र चाललेला कार्यक्रम चुंबकीय फितीवर टिपून ठेवी, आणि मग तो सवडीनें पाहतां येई. पुढच्याच वर्षीं युनिव्हर्सल व डिस्ने यांनीं सोनीवर दावा लावला. घरीं बसून आमच्या मालाच्या प्रती काढणें ही चोरी आहे, आणि यंत्र विकणारा तिचा साथीदार आहे, असें त्यांचें म्हणणें. १९७९ सालीं पहिला निकाल सोनीच्या बाजूनें लागला, १९८१ सालीं अपिलांत तो उलटला, आणि १७ जानेवारी १९८४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें पुन्हां सोनीच्या बाजूनें कौल दिला. नऊ न्यायमूर्तींपैकीं पांच एका बाजूस, चार दुसऱ्या. एक मत इकडचें तिकडे झालें असतें, तर घरांतील चित्रफितीचें भवितव्य निराळें झालें असतें. घरच्या उपयोगासाठीं कार्यक्रम टिपून मागाहून पाहणें हा न्याय्य वापर आहे, हें त्या निकालाचें सार.

यांतील विनोद पुढें उघड झाला. जो धंदा या यंत्रानें बुडेल असें चित्रपटवाले सांगत होते, त्यालाच यंत्रानें तारलें. त्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेंत घरगुती चित्रफितींचें उत्पन्न तिकिटांच्या उत्पन्नाहून अधिक झालें. युनिव्हर्सलनेंहि आपलीं जुनीं भुतें फितीवर भरून विकलीं. खुद्द बीटामॅक्सला मात्र हें यश भोगतां आलें नाहीं. जेव्हीसी कंपनीच्या १९७६ च्या 'व्हीएचएस' फितीवर सबंध चित्रपट मावे, तर आरंभींच्या बीटामॅक्स फितींत तासाभराचाच मजकूर बसे. तेव्हां गिऱ्हाईक तिकडे वळलें. सोनीनें यावरून धडा घेतला, आणि १९८९ सालीं ३४० कोटी डॉलर देऊन कोलंबिया कंपनीच विकत घेतली. यंत्रवाला आतां चित्रांचाहि मालक झाला, आणि स्क्रीन जेम्स हें जुनें नांव त्याच्या हातीं आलें.

त्याच नांवाखालीं १९ सप्टेंबर २००३ रोजीं अमेरिकेंत 'अंडरवर्ल्ड' प्रदर्शित झाला. दिग्दर्शक लेन वाइझमन, नायिका केट बेकिन्सेल, चित्रण बहुतांशीं बुडापेस्टमध्यें. पिशाचाच्या जुन्या मुलखाशेजारींच. सुमारें २ कोटी २० लक्ष डॉलर खर्चाच्या या चित्रपटानें साडेनऊ कोटींच्या आसपास कमावले. कथा थोडक्यांत अशी: पिशाचें ही धनिकांची जात, वृकमानव हे त्यांचे पूर्वींचे गुलाम. दिवसा पिशाचें निजलेलीं असतांना राखण करावयाची, हें गुलामांचें काम. एका गुलामाचें आणि सरदाराच्या मुलीचें प्रेम जडतें; बाप स्वतःच्या मुलीला उन्हांत जाळून मारतो, आणि तेथून युद्ध पेटतें. मूळ कल्पना सुचविणारा नट व लेखक केव्हिन ग्रीव्हियू हा सूक्ष्मजंतुशास्त्र शिकलेला. म्हणून येथें शाप नाहीं, सैतान नाहीं; दोन्ही जाति एकाच विषाणूच्या दोन शाखा आहेत. साथीच्या भयांतून जन्मलेलें पिशाच पावणेतीनशें वर्षांनीं पुन्हां साथीच्या जंतूपाशीं आलें. फान स्वीटनला यांत निदान निम्में समाधान वाटलें असतें.

गोळीबार आणि रक्तपात यांची या मालिकेंत रेलचेल आहे, आणि सुसंस्कृत अभिरुचीला तो खपण्यासारखा नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. तरी पहिल्या चित्रपटाच्या गाभ्यांत एक विचार आहे. नायिका सेलीन हिला सांगण्यांत आलेलें असतें कीं, तिचें कुटुंब वृकमानवांनीं मारलें आणि त्यांचा पुढारी केव्हांच ठार झाला. भूतकाळ उकरून काढण्यास तिच्या जातींत बंदी आहे. ती बंदी मोडून ती जुनीं दप्तरें चाळते, तेव्हां हळूहळू कळतें कीं दोन्ही गोष्टी असत्य आहेत. पुढारी जिवंत आहे. आणि तिचें घर बुडविणारा तिचा पोशिंदा सरदारच आहे. इतिहास लिहिण्याचा मक्ता एकाच पक्षाकडे राहिला म्हणजे काय होतें, हें एका भुताच्या चित्रपटांत सांपडावें, हें नवल खरें.

या चित्रपटावरहि दावा झाला. व्हाइट वुल्फ ही कथात्मक खेळ काढणारी संस्था आणि लेखिका नॅन्सी कॉलिन्स यांनीं प्रदर्शनाच्या सुमारासच फिर्याद केली. आमच्या खेळांतील पिशाचजगत् आणि १९९४ सालच्या एका कथेंतील पिशाच-वृकमानव प्रेमप्रसंग यांची ही उचल आहे, असा आरोप होता, आणि साम्याचीं ऐंशींहून अधिक स्थळें दाखविलीं होतीं. प्रकरण आपसांत मिटलें आणि अटी गुप्त राहिल्या. पण न्यायालयांत तें चाललें असतें, तर साक्षीला कोणाकोणाला बोलवावें लागलें असतें! चित्रपटांत पिशाचांना मारण्यासाठीं उन्हाच्या तेजाच्या गोळ्या आहेत: त्या १९२२ च्या मूकपटाच्या. वृकमानवांसाठीं चांदीच्या गोळ्या आहेत: त्या १९४१ च्या बोलपटाच्या. धनी आणि गुलाम १९४३ चे. वैर असलेल्या घराण्यांतील प्रेम शेक्सपिअरचें. आणि सर्वांच्या मुळाशीं किसिलोवाचे गांवकरी, ज्यांनीं कधीं कशावर नांव घातलें नाहीं.

२००४ च्या जानेवारींत हा चित्रपट तबकडीवर आला, आणि त्याच वर्षीं त्याची अधिक लांबीची आवृत्ति निघाली. पुढचे भाग २००६, २००९, २०१२ आणि २०१६ सालीं झाले. २०११ सालीं तर या मालिकेचे तीन लहान रेखाचित्रपट चित्रगृहाचें तोंड न पाहतां थेट तबकडीवरच निघाले. चित्रगृह ही आतां वाटेंतली एक धर्मशाळा झाली, मुक्काम घरीं. या मुक्कामाचेहि दिवस मात्र भरत आले. सोनीनें २०१६ च्या मार्चमध्यें बीटामॅक्स फिती करणें थांबविलें, आणि त्याच वर्षीं जुलैंत व्हीएचएस यंत्रें करणारा शेवटचा कारखानाहि बंद झाला. आतां चित्रपट तारेवाटे येतो, डोळ्यांपुढून जातो, आणि घरांत कांहीं ठेवीत नाहीं. मालकानें दार लावलें कीं तो गेला.

यांत काय बिघडलें, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर मुंबईंतच सांपडतें. युनिव्हर्सलचा 'ड्रॅक्युला' १९३१ च्या फेब्रुवारींत निघाला. त्यानंतर सुमारें एका महिन्यानें, १४ मार्च १९३१ रोजीं, मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहांत अर्देशीर इराणी यांचा 'आलमआरा' झळकला. हिंदुस्थानांतला तो पहिला बोलपट. लोकांनीं त्या दिवशीं तिकिटासाठीं झुंबड केली. आज 'ड्रॅक्युला' इंग्रजींत आहे, स्पॅनिशमध्यें आहे, फितीवर आहे, तबकडीवर आहे. ज्याला जाळण्याचा हुकूम झाला होता, तो 'नोस्फेराटू'हि आहे. 'आलमआरा'ची एकहि प्रत शिल्लक नाहीं. त्याला नष्ट करण्याचा हुकूम कोणी दिला नव्हता, कोणी विधवा न्यायालयांत गेली नव्हती. त्याची प्रत कोणी जपली नाहीं, एवढेंच झालें. आपल्याकडे तेराशेंच्या आसपास मूकपट निघाले असें अभ्यासक मानतात. त्यांपैकीं पूर्ण वा तुटक स्थितींत उरलेले तीसांच्या आंत. पुण्याचें राष्ट्रीय चित्रपट-संग्रहालय १९६४ सालीं स्थापन झालें, तोंवर बरेंच कांहीं नष्ट होऊन गेलें होतें.

फ्लॉरेन्स स्टोकरचा हक्क मोडूं नये, आणि 'नोस्फेराटू'हि जळूं नये. कर्त्याला फळ मिळावें, आणि कृतीची प्रत चार घरीं असावी. या दोहोंचा मेळ कसा घालावा, हें गेल्या शंभर वर्षांत कोणत्याहि न्यायासनाला पुरतेपणीं सांगतां आलेलें नाहीं. आजीबाईची गोष्ट मात्र टिकली, कारण ऐकणाऱ्या प्रत्येक नातवंडाच्या ध्यानांत तिची एक प्रत होती. ज्या घरांत आज जुनी चित्रफीत, जुनी तबकडी किंवा माळ्यावर चित्रपटाचा गंजलेला डबा पडून असेल, त्या घरच्यांनीं तो रद्दीवाल्याला देण्यापूर्वीं एकदां उघडून पाहावा. 'आलमआरा'चा शोध अद्याप संपलेला नाहीं.